टंक्याचं मोल

कोरेगाव भागातल्या एका शेतकऱ्याच्या देव्हाऱ्यात चांदीचा रामटंका होता. एका बाजूला सिंहासनावर राम-सीता, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण आणि खाली आकडा, संवत 1740.

नातवानं मोबाईलवर तसलाच टंका पाहिला. किंमत लिहिली होती पाच लाख. त्यानं आपल्या टंक्याचा फोटो पाठवला, तर तासाभरात फोन आला : "साडेचार लाखांना घेतो. आधी रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीचे अडीच हजार भरा."

"आबा, भरू का?"

"उद्या हळद घेऊन सांगलीला जायचंय. तूबी चल, अन् टंका खिशात घे."

मार्केट यार्डात शेजारच्या ढिगाचा मालक गेल्या साली मिळालेला भाव सगळ्यांना ऐकवत होता. खरेदीदारानं त्याचं एक हळकुंड मोडलं, आतला रंग पाहिला, वास घेतला. बोली थोडी चढली आणि थांबली. मालक बोलतच राहिला, पण बोली काही हलली नाही. मग आबांचा ढीग गेला, पट्टी हातात आली. हमाली, तोलाई तिच्यातूनच वजा झाली होती.

"माल विकायच्या आधी आपल्याकडं कुणी पैसे मागितले?" आबांनी विचारलं. नातू पट्टीच वाचत राहिला.

परतताना ते विट्याला थांबले. तिथं आबांचे एक जुने स्नेही होते. विटा-खानापूरच्या कितीतरी घरांतली माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, सोनं-चांदी गाळून शुद्ध करतात. या अण्णांचाही जन्म त्याच धंद्यात गेला होता, आणि नाण्यांच्या लिलावाला जाऊन बसायची त्यांना हौस होती. त्यांनी टंका कसोटीवर घासला, कडेवरून नख फिरवलं, तागडीत टाकला.

"चांदी आहे, तोळ्याला थोडी कमी. ती मोडीतही विकली जाईल, म्हणजे तेवढा तळ पक्का. आता वर किती, ते बघायचं."

"पण संवत 1740 आहे. संभाजी महाराजांच्या काळातला," नातू म्हणाला.

"आकडा साच्यात कोरला की उठतो, पोरा. हे चलन नव्हेच, हे पूजेचं. त्या आकड्याचे पुष्कळ टंके गेल्या दीडशे वर्षांत पाडलेले आहेत. आणि जुनं म्हणजे महाग असंही नसतं. शिवरायांच्या नावाचा सोन्याचा होन बघायला मिळणं मुश्कील, अन् त्याच नावाची तांब्याची झिजकी शिवराई काहीशे रुपयांत मिळते. किती उरले आणि कसे उरले, ते बघायचं." त्यांनी टंका उजेडात धरला. "रामाचं नाक गेलंय की."

"आजी दर सणाला चिंचेनं घासायची."

"देवाला ते चालतं. लिलावात तेवढ्यानंच भाव पडतो."

"मग ते पाच लाख?"

"ती मागितलेली किंमत. पाच लाख मोजून कुणी नेला, असं कुठं लिहिलंय का? अशाच झिजलेल्या टंक्यावर मागच्या लिलावांत हातोडा कितीवर पडला, तेवढंच धरायचं. तेही दोन घेणारे इरेला पेटले असतील तर त्यातून थोडं कमी करून. याला चांदीवर थोडंफार मिळेल, जास्त नाही."

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्येच सांगून ठेवलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशनही मागत नाही. पण लाखाचा आकडा दिसला, की असली पत्रकं कोण वाचतो!

तेवढ्यात फोन वाजला. नोंदणीवालाच होता. आबांनी फोन घेतला.

"घ्या की टंका. तुमचे अडीच हजार साडेचार लाखांतनं वजा करा, अन् बाकीचे घेऊन विट्याला या. आम्ही चहा पीत बसतो."

फोन कट झाला. अण्णांनी आतून चहा मागवला.