मेलेल्यांना मारण्यात पाप कसले?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या युवक मंडळाने सभागृहाच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट लावला. मी सोबत बसावे असा मुलांचा आग्रह होता. पालकांचाही होता, मात्र त्यांचे कारण वेगळे असावे. चालत्या प्रेतांची डोकी फुटू लागली, तशी पुढच्या रांगेतली मुले टाळ्या पिटू लागली. मी नाराजी दाखवली. तेव्हा दहावीतला एक मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, “फादर, ते आधीच मेलेले आहेत ना? मग मेलेल्यांना मारण्यात पाप कसलं?”

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आत्मसंरक्षणाच्या अधिकाराचा अभ्यास आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे केला होता. हल्ला परतवावा, परंतु आवश्यकतेहून अधिक बळ वापरू नये, असा त्यांचा विवेक. या साऱ्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरचा हल्लेखोर माणूस आहे. तो माणूसच नव्हे असे एकदा ठरले, की नीतिशास्त्राचा ग्रंथ तिथेच मिटतो. त्या मुलाने नकळत नेमके तिथेच बोट ठेवले होते. अमुक एक जण ‘मेलेला’ आहे, हे ठरवतो कोण?

झोंबी या कल्पनेचा जन्म हैतीतला. फ्रेंच अमलाखाली तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. मृत्यू म्हणजे सुटका, पूर्वजांच्या भूमीकडे परतणे, एवढीच त्यांची आशा होती. त्यामुळे झोंबी हे त्यांचे सर्वांत मोठे भय ठरले. मेल्यावरही ज्याला विसावा नाही, ज्याचे मन हिरावून घेऊन देह पुन्हा कामाला जुंपला जातो, तो झोंबी. तो कुणाला खात नव्हता. त्यालाच खाल्ले गेले होते. १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या अमेरिकन चित्रपटात ही आठवण अजून शिल्लक होती. त्यात साखरेच्या गिरणीत झोंबी राबतात. त्यांतला एक जण यंत्रात पडतो आणि बाकीचे थांबत नाहीत.

पुढे १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो या तरुण दिग्दर्शकाने अगदी तुटपुंज्या पैशांत, कृष्णधवल फितीवर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट काढला आणि मांसभक्षक प्रेतांची आजची ओळख रूढ झाली. त्याचा शेवट विसरता येत नाही. ज्या कृष्णवर्णीय नायकाने रात्रभर धीराने प्रेतांशी झुंज दिली, तो सकाळी खिडकीशी येतो. बाहेर आलेली सशस्त्र टोळी त्यालाही प्रेत समजून गोळी घालते. मदत आली, पण तिला माणूस ओळखता आला नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच वर्षीचा हा चित्रपट आहे.

यानंतर शेकडो अनुकरणे झाली आणि हा चित्रपटप्रकार हळूहळू थकला. मळ्यातला गुलाम विस्मरणात गेला, खिडकीतला नायकही गेला. उरली ती फोडायच्या डोक्यांची मोजदाद. जे भय शोषितांचे होते, ते शोषितांविषयीचे भय झाले. दाराशी आलेली, भुकेली, बोलता न येणारी गर्दी आणि दाराच्या आत आपण.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. त्याआधी २०१३ साली ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटाने झोंबी गोव्याला आणले होते. परंतु ती मौजमजेला गेलेल्या तरुणांची कथा होती. मराठी चित्रपटाकडे परदेशी चित्रपटांसारखा पैसा नाही. पण त्याने एक साधी गोष्ट केली. त्याने चालती प्रेते डोंबिवलीत आणली, आणि भांडण पाण्याचे ठेवले.

एका बाजूला उंच इमारतींचे नवे संकुल. गर्भवती पत्नीसह तिथे राहायला आलेला मध्यमवर्गीय अभियंता. भिंतीपलीकडे जनतानगर ही वस्ती, तिथे पाण्यासाठी वणवण. संसर्गाचे मूळही अखेर पाण्यातच निघते. डोंबिवलीकराला हे फार अद्भुत वाटले नसेल. औद्योगिक प्रदूषणामुळे २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता त्याने पाहिलेला आहे. हे सारे खाडीच्या पलीकडे घडते, तरी आम्हा भिवंडीकरांना ते घरचेच वाटते. चित्रपट चावा घेण्याच्या आधीची स्थिती दाखवतो, हेच त्याचे नवेपण. प्रेते उठण्यापूर्वीच भिंतीच्या एका बाजूची माणसे दुसऱ्या बाजूच्या माणसांना माणसांत मोजेनाशी झालेली असतात. मग संकट येते, आणि जगायचे तर दोन्ही बाजूंना एकत्र यावे लागते.

हा चित्रपट म्हणजे प्रवचन नव्हे, हे मला ठाऊक आहे. त्यात हास्यविनोद आहे, रक्तपात आहे, आणि मुलांनी टाळ्या पिटाव्यात अशीही सोय आहे. मनोरंजनावर एवढा भार का टाकावा, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शास्त्रातले नाही, माझ्या आवारातले आहे.

नारपोलीत यंत्रमागाची खडखड रात्रंदिवस चालते. बारा बारा तासांची पाळी संपवून कामगार सकाळी बाहेर पडतात. केसांवर, भुवयांवर सुताचे पांढरे तंतू, डोळे लाल, पावले ओढत चाललेली. आवारातल्या नळावर त्यांतले काही जण तोंड धूत आणि बाटल्या भरून घेत. एका उन्हाळ्यात पाण्याची फार टंचाई झाली. टाकी दुपारपर्यंत पुरेना. लोकांनी तक्रार केली, आणि मी नळाला कुलूप लावले. निर्णय अविचारी नव्हता. लग्नकार्ये होती, धर्मशिक्षणाचे वर्ग होते, बागही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिले, तर सात-आठ जण नळाभोवती नुसते उभे होते. कुणी बोलत नव्हते. मला थोडी भीती वाटली. मी खिडकी लावून घेतली.

चादरीवरच्या त्या चित्रपटात फाटकाबाहेरची गर्दी दिसली, तेव्हा मला ती खिडकी आठवली. हैतीतल्या मळेवाल्याच्या बाजूने मी उभा होतो. त्या कामगारांनी मला काहीही केले नव्हते. त्यांना केवळ तहान लागली होती. आणि त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते.

लूकच्या शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला आपण दर प्रायश्चित्तकाळात ऐकतो. त्यातली एक गोष्ट मी अनेक वर्षे शिकवली, पण स्वतःला लावली नाही. दारात पडलेल्या भिकाऱ्याला प्रभू येशू नाव देतो. आत मेजवानी झोडणाऱ्या श्रीमंताला नाव नाही. जगाचा हिशेब येथे उलटा झालेला आहे. श्रीमंताने लाजराला हाकलले, मारले असे त्या दाखल्यात कुठेही म्हटलेले नाही. तो फक्त त्याच्यासाठी अस्तित्वात नव्हता. आणि पलीकडे गेल्यावर तो श्रीमंत काय मागतो? बोटाच्या टोकावर मावेल एवढे पाणी. दोघांमधली जी दरी तेव्हा ओलांडता आली नाही, ती त्याच्या हयातीत एका दारापुरतीच रुंद होती.

याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाला प्रभूने कबरीतून बाहेर बोलावले. बोलावले, तेही नाव घेऊन. आपण ज्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो त्यात आणि पडद्यावरच्या चालत्या प्रेतांत मला हाच खरा भेद दिसतो. देह तर दोन्हीकडे उठतो. एकीकडे तो नावाने हाक मारल्यावर उठतो, आणि भोवतालच्या माणसांना त्याची बंधने सोडायला सांगितले जाते. दुसरीकडे तो निनावी उठतो, आणि भोवतालची माणसे शस्त्र शोधतात. नाव काढून घेतले, की जिवंत माणसाचेही प्रेत करता येते. इतिहासातल्या प्रत्येक कत्तलीपूर्वी ते करण्यात आले आहे.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्या मुलाला मी बोलावले. म्हटले, “अरे बाबा, मेलेल्याला मारण्यात पाप आहे की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तो मेला आहे असं आपल्या सोयीनं ठरवण्यात पाप आहे. ते मी केलेलं आहे.” त्याने माझ्याकडे चमकून पाहिले. नळाची हकिगत सांगितल्यावर त्याने एकच विचारले, “मग कुलूप काढलंत का, फादर?”

काढले आहे. टाकी आजही दुपारी आटते, आणि तक्रारीही थांबलेल्या नाहीत; बागेतली दोन झाडे वाळली. सकाळी मी नळापाशी जाऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी एका वयस्क कामगाराने बाटली भरता भरता संशयाने माझ्याकडे पाहिले. मी त्याचे नाव विचारले. त्याने यंत्रमागाच्या आवाजाने बधिर झालेला कान पुढे केला. मला तो प्रश्न मोठ्याने, दुसऱ्यांदा विचारावा लागला.