जात्याला दुसरा हात

म्हातारपणी सेवा घरातच व्हावी ही इच्छा मोह की धर्म? वानप्रस्थाचा दाखला देणारे तिला मोह म्हणतील. पण ज्याला कूस बदलायलाही हात लागतो, त्याने कोणतं वन गाठायचं? गंगाखेडकडच्या ओसरीत बाजेला खिळलेली आई असो की परभणीत दुसऱ्या मजल्यावर अडकलेले वडील, तोंड पुसणारा हात ओळखीचा असावा, एवढंच मागणं असतं. याला आसक्ती म्हणणं मला निष्ठुर वाटतं. खरा आक्षेप वेगळाच आहे. मुलगा ऊसतोडीला नाहीतर पुण्याला गेलेला, म्हणजे ‘घरची सेवा’ एकट्या सुनेच्या माथी. हे मला पूर्ण मान्य आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. पण रात्री दोनला ओलं अंथरूण बदलणारे हात कायदा कुठून आणणार? पुंडलिकाच्या कथेत सेवा करतो तो मुलगाच. आणि गंगाखेडच्याच जनाबाईच्या जात्याला तर विठ्ठल स्वतः हात लावतो. राबणारीचं ओझं देवाने वाटून घ्यावं, ही आपली परंपरा आहे. मग मुलाने वर्षातले काही महिने घरी राहावं, सरकारने आशा स्वयंसेविकांना वेगळं मानधन देऊन म्हाताऱ्यांच्या पाठीच्या जखमा बघायचं काम सोपवावं, आणि त्या सुनेला निदान एक रात्र सलग झोपू द्यावं.