ऋणमुक्तीनंतरचा संसार : गुरू शुक्राचार्यांचा बळीराजास उपदेश

दक्षिणगंगा गोदावरीच्या तीरावर, कोपरगाव बेट येथे दैत्यगुरू श्री शुक्राचार्यांचे स्थान आहे. कचाने येथेच गुरुसेवा करून संजीवनी विद्या मिळविली, अशी या परिसराची श्रद्धा आहे. दर्शनास येणाऱ्या भाविकांस ही कथा बहुधा ठाऊक असते. शुक्राचार्यांची दुसरी कथा मात्र मराठी माणसास एका वाक्प्रचारापुरतीच आठवते. चांगल्या कामात आडवा येणाऱ्यास ‘झारीतील शुक्राचार्य’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. बळीराजा वामनाच्या हातावर दानाचे उदक सोडू लागला, तेव्हा गुरू सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसले, वामनाने तोटीत दर्भाची काडी घातली आणि गुरूंचा एक डोळा गेला, ही लोककथा घरोघरी सांगितली जाते. तत्पूर्वी गुरूंनी शिष्यास काय सांगितले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तो उपदेश श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील एकोणिसाव्या अध्यायात आहे. ज्याच्या डोक्यावरील कर्ज नुकतेच उतरले आहे, अशा गृहस्थाने तो अवश्य ऐकावा.

शुक्राचार्य बळीस सांगतात की, ज्या दानामुळे दात्याची उपजीविकाच संकटात येते, त्या दानाची सज्जन प्रशंसा करीत नाहीत. ज्याची उपजीविका शाबूत आहे, त्याच्याच हातून जगात दान, यज्ञ, तप आणि कर्म घडते. म्हणून मनुष्याने आपल्या धनाचे पाच भाग करावेत. एक धर्मासाठी, एक कीर्तीसाठी, एक अर्थासाठी, एक स्वतःच्या उपभोगासाठी व एक स्वजनांसाठी. असे विभाग करणारा इहलोकी व परलोकी आनंदात राहतो.

यातील तिसरा भाग विचार करण्याजोगा आहे. अर्थासाठी राखलेला अर्थ म्हणजे पुढील कमाईचे भांडवल, आजच्या भाषेत शिल्लक. हा भाग इतर चार भागांतून उरले तर बाजूला टाकायचा नाही. वाटणी करतानाच तो वेगळा निघतो. संसारात नेमके येथेच चुकते. महिनाअखेरीस जे उरेल ते साठवू, असे पुष्कळ घरांत ठरते आणि महिनाअखेरीस काही उरत नाही.

शुक्राचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘शुक्रनीती’ हा ग्रंथ पुष्कळ पुढील काळातील आहे, असे अभ्यासक मानतात. त्यातही अशीच वाटणी आहे. वर्षाच्या उत्पन्नाचे सहा भाग करावेत. तीन भाग सैन्यावर, अर्धा दानात, अर्धा प्रकृतींवर म्हणजे मंत्रिगणावर, अर्धा अधिकाऱ्यांवर, अर्धा राजाच्या स्वतःच्या उपभोगावर खर्च करावा आणि एक पूर्ण भाग कोशात राखावा. राजाचा उपभोग आणि राजाचे दान समान, आणि कोश त्याच्या दुप्पट! छत्रचामराच्या धन्यास जर ही मर्यादा, तर चार एकर उसाच्या धन्याने स्वतःस कोणती मर्यादा घालावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोपरगाव तालुका गोदावरीच्या कालव्यांवर आणि सहकारी साखर कारखान्यांवर वाढलेला आहे. येथील पैसा दररोज थोडा थोडा येत नाही. उसाचे पैसे हंगामात हप्त्याहप्त्याने मिळतात आणि ते येण्याआधी बियाणे, खते, मजुरी, शाळेचा खर्च डोक्यावर बसलेला असतो. त्यामुळे सोसायटीचे पीककर्ज हा शेतकऱ्याच्या संसाराचा नित्याचा भाग झाला. त्यात अवर्षण पडले, की थकबाकी होते. ही थकबाकी उतरविण्यासाठी २००८ साली केंद्र सरकारची, २०१७ साली राज्य शासनाची दीड लाख रुपयांपर्यंतची आणि डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा राज्य शासनाची दोन लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. बारा वर्षांत तीन वेळा सातबारा कोरा करण्याची वेळ यावी, यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. पाऊस व बाजारभाव त्याच्या हाती नाहीत. परंतु सातबारा कोरा झाल्यानंतरचे पहिले वर्ष बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

ते पहिले वर्षच फसवे. इतकी वर्षे काटकसर केली, आता थोडी हौस पुरवावी, असे मन म्हणू लागते. मनाचे हे म्हणणे खोटेही नसते. ज्या माउलीने कर्जाच्या दिवसांत सणालाही नवे लुगडे घेतले नाही, तिला ते आता मिळालेच पाहिजे. गुरूंनी उपभोगाचा भाग वगळलेला नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा पाचही भाग उपभोगाकडे वळतात आणि जुना बोजा उतरला म्हणून नव्या वाहनाचा बोजा चढतो. यावर एक साधा उपाय आहे. ज्या तारखेस कर्जाचा हप्ता जात असे, त्याच तारखेस तेवढीच रक्कम स्वतःच्या नावाने पोस्टाच्या अथवा बँकेच्या आवर्ती ठेवीत भरावी. हंगामात एकदम पैसा येत असेल, तर ती रक्कम हंगामातच बाजूला ठेवावी. त्या रकमेविना जगण्याची सवय घराला झालेलीच असते. सवय मोडण्यापूर्वी तिचा उपयोग करून घ्यावा. एका वर्षाच्या पेरणीचा आणि काही महिन्यांच्या घरखर्चाचा पैसा जमेपर्यंत हे व्रत सोडू नये. (ठेव कोठे ठेवावी हेही पाहावे. बँकेतील ठेवीस फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते संरक्षण नाही. जास्त व्याजाच्या मोहात घामाचा पैसा गमावलेली घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत.)

कर्जाचे मोठे कारण म्हणजे लग्न. शुक्राचार्यांच्या या स्थानी विवाहास मुहूर्त पाहावा लागत नाही, अशी परंपरागत श्रद्धा आहे. तिचा एक व्यावहारिक लाभ फारसा कोणी लक्षात घेत नाही. मुहूर्ताच्या दिवशी मंगल कार्यालय, आचारी, वाजंत्री यांचे दर चढतात, पाहुण्यांच्या पंगती वाढतात आणि भावकीत कमीपणा नको म्हणून उसनवारी होते. गुरूंच्या दारी दोन्हीकडील मोजक्या मंडळींत लागलेल्या लग्नास हा भार नसतो.

कोपरगावच्या इतिहासातही कर्जाची एक मोठी खूण आहे. १७५८ साली राघोबादादांची फौज लाहोरपर्यंत पोहोचली. त्या मोहिमेची कीर्ती आजही गायिली जाते. पण मोहिमेहून परतताना दादांच्या डोक्यावर मोठे कर्ज होते आणि त्यावरून सदाशिवरावभाऊंनी त्यांना दोष दिला. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहान्वये नेमणूक घेऊन दादा कोपरगावी येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच निवर्तले. याच जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे वर्तन याउलट होते. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा पैसा वेगळा, हा भेद त्यांनी कसोशीने पाळला. काशीपासून रामेश्वरापर्यंतची मंदिरे, घाट व अन्नछत्रे यांचा धर्मादाय त्यांनी खासगीतून केला. स्वतःची राहणी त्यांनी साधी ठेवली, म्हणून तिथे देण्यास काही उरत होते.

देणगीदार भाविकांसाठीही गुरूंचा उपदेश लागू आहे. नवस फेडण्यासाठी व्याजाने पैसे काढू नयेत. भंडाऱ्याचा संकल्प मोठा केला असेल आणि वर्ष कठीण गेले असेल, तर मूठभर तांदूळ आणि पिंडीवर तांब्याभर गोदाजल पुरते.

यावर कोणी विचारील की, बळीने तर गुरूंचे ऐकले नाही, सर्वस्व दिले, आणि तरीही त्याचीच कीर्ती झाली. खरे आहे. पण बळीने दिले ते स्वतःचे होते. कोणाकडून उसने घेऊन त्याने दान केले नाही. आणि दोन पावलांत पृथ्वी व स्वर्ग व्यापून वामन तिसऱ्या पावलास जागा मागू लागला, तेव्हा काय झाले? वचन होते, द्यायला काही उरले नव्हते. भागवत सांगते की, त्या क्षणी बळीस वरुणपाशाने बांधण्यात आले. त्रैलोक्याचा स्वामी ऋणको होऊन बांधला गेला. अखेर आपले मस्तक पुढे करून त्याने ते ऋण फेडले. ज्या गुरूंनी रागाने त्यास शाप दिला होता, त्यांनीच भगवंताच्या आज्ञेने त्याच्या यज्ञातील उणीव भरून काढली.

ऋणमुक्त बळी कोठे गेला? इंद्राचे वैभव त्यास तेव्हा परत मिळाले नाही. तो स्वजनांसह सुतलात राहावयास गेला. राज्य पूर्वीपेक्षा लहान, पण तेथे आधिव्याधी नाहीत, आळस नाही, पराभव नाही आणि दारावर पहारा द्यायला गदा घेऊन साक्षात भगवंत उभे आहेत.

या बळीची पूजा कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, दिवाळीच्या पाडव्याला होते. त्याच दिवशी व्यापारी नव्या वर्षाची वही उघडतात, हळदकुंकू वाहतात आणि पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात. कर्ज फिटलेल्या घरानेही त्या दिवशी एक वही घालावी. ‘श्री’च्या खाली पहिली ओळ तिसऱ्या भागाची असावी, मग तो आकडा शंभर रुपयांचा का असेना.