डब्याला भोक हवंच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
*गुरुवारचं चिंतन*



आपल्या जोयडा तालुक्यात मातीला काय तोटा? तरी रामनगरच्या एका आजींना ती मिळत नव्हती. काळी नदीवरचं सुपा धरण १९८७ मध्ये पुरं झालं. जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं रामनगरला आली. आजी त्यांतल्याच. आता लेकाकडे दोन खोल्या, पुढं सिमेंटचं अंगण. सत्संगात त्या म्हणाल्या, "महाराज, परसातली तांबडी भाजी, दारची अबोली, सगळं पाण्यात गेलं. देवाला हातचं एक फूल नाही. आता कसली सेवा?"

महाराज म्हणाले, "घरात तेलाचा रिकामा डबा असेल ना? त्यात लाव."

आजींचं बघून आम्हीही डबे भरले. माती घातली, शेणखत घातलं, बी टाकलं. मग जुलैचा पाऊस लागला. आठ दिवसांत आमची रोपं पिवळी पडून कुजली. आजींची मात्र तरारली. आम्हाला वाटलं, त्यांचा हातगुण!

महाराजांनी आमचा डबा कलता केला. आतून काळं, घाण वासाचं पाणी आलं. आजींच्या डब्याच्या तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली होती. आम्ही 'चांगला डबा कशाला बिघडवायचा' म्हणून ती पाडलीच नव्हती.

महाराज एवढंच बोलले, *"पाऊस दोघांवर सारखाच पडला. ज्यानं धरून ठेवला, त्याचं मूळ कुजलं."*

आमच्या माना खाली गेल्या. गुरुकृपेचंही असंच आहे ना? पैसा, मान, ज्ञान, सगळं आम्ही साठवतो. पुढं वाहू देत नाही. अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत मधमाशी शिकवते, साठवलेला मध शेवटी दुसराच नेतो. अरणचे सावता महाराज मळ्यातच राहिले आणि भाजीपाल्यात त्यांना विठ्ठल दिसला. मळा मोठा की डबा लहान, हे देव बघत नाही.

आता आजींचं पुढं ऐका. धरणाच्या मोबदल्यावरून त्यांचं आणि जावेचं बोलणं बंद होतं, कितीतरी वर्षं. डब्यातली पहिली तांबडी भाजी त्यांनी देवापुढं ठेवली आणि नातवाच्या हाती जावेकडे पाठवली. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. त्या भांड्यातून अबोलीचं रोप आलं. जुन्या परसातल्या अबोलीचं बी जावेनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं!

आजी म्हणाल्या, "भोक डब्याला पाडलं, पण मोकळी मी झाले."

*या आठवड्याची सेवा:*
▪️ तेलाचा डबा गरम पाण्यानं, साबणानं धुवा. कापलेली कड हातोडीनं आत वळवा.
▪️ तळाला दहा-बारा भोकं पाडा, वर खापऱ्या पसरा. डबा विटांवर ठेवा.
▪️ रंगाचा किंवा फवारणीच्या औषधाचा डबा भाजीला नको.
▪️ उन्हाळ्यात पत्रा तापतो. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा.
▪️ पहिली जुडी देवाला दाखवून, ज्यांच्याशी बोलणं तुटलंय त्यांच्या घरी द्या.

शेवटचं सगळ्यात अवघड. आम्हालाही अजून जमलेलं नाही. पण डबा भरलाय, आणि या खेपेला भोकं पाडलीत.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥