गुप्तदान आणि स्पीकर

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलं आहे: परतफेडीची अपेक्षा नाही, फक्त देणं कर्तव्य म्हणून. माझी आई दानपेटीशी गेली की मूठ उघडायचीच नाही. किती टाकले, हे आम्हा मुलांनाही कळत नसे.

२०१६ साली यूपीआय आलं आणि देवळांचा हिशेब स्वच्छ होऊ लागला, हे मी मनापासून मानते. देवस्थानाच्या पैशाला पाय फुटतात, तिथे नोंद हवीच. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत नाही, तेही योग्यच.

पण देणाऱ्याच्या मनाचं काय? नोटेवर मालकाचं नाव नसतं. मोबाइलमध्ये मात्र नाव, तारीख, वेळ सगळं राहतं आणि मी किती पुण्य केलं ते कधीही चाळून बघता येतं. दिलेलं विसरून जाणं हाही दानाचाच भाग आहे, असं मला वाटतं.

त्याहून मनाला लागतो तो आमच्या मारुतीच्या देवळातला स्पीकर. क्यूआर कोडवर पैसे आले की तो रक्कम मोठ्याने सांगतो. परवा शनिवारी माझ्यापुढच्या बाईंचे अकरा रुपये भर रांगेत जाहीर झाले, पाठोपाठ कुणाचे तरी पाचशे एक. बाई खाली मान घालून प्रदक्षिणेला गेल्या. देवापुढे लहान-मोठं कुणी नसतं म्हणतो आपण. मग अकरा रुपये ऐकवायची गरज कुणाला आहे? विश्वस्तांना मी हेच विचारलं आहे. कोड खुशाल राहू द्या, आवाज तेवढा बंद करा.