ओळखलंस का मला?



आज गीतेच्या १३व्या अध्यायातली ज्ञानाची लक्षणं चिंतनाला घेऊ. इथे गंमत अशी की ज्ञान म्हणजे काय हे सांगताना भगवंत ग्रंथांची नावं सांगत नाहीत, माणूस वागतो कसा ते सांगतात. गर्व नको, दंभ नको, अहिंसा हवी, क्षमा हवी, सरळपणा हवा. मग जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांतलं दुःख डोळे उघडे ठेवून पाहायला सांगतात. आणि लगेच एक अवघड शब्द येतो, अनभिष्वंग. म्हणजे मुलं, बायको, घर यांत जीव अडकवून न बसणं.

इथे आपण अडखळतो. एकीकडे म्हातारपण जवळून पाहा म्हणायचं आणि दुसरीकडे घरच्यांत अडकू नका म्हणायचं. मग जवळच्या माणसाचं म्हातारपण पाहायचं तरी कसं? माया कमी करून?

याचं उत्तर मला आमच्या गावच्या घरात दिसलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं घर, गौरी-गणपतीचे दिवस. डोंबिवली, विरार, पुणे असे सगळीकडून आम्ही जमलो होतो. आजी ९६ वर्षांची. माजघरातल्या खाटेवर असते. खाते, हसते, कधी जात्यावरचं काहीतरी गुणगुणते, पण माणसं आता ओळखता येत नाहीत.

आलेला प्रत्येक जण तिच्या पाया पडायचा, कानाशी तोंड न्यायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "आजी, ओळखलंस का मला?" ती चेहऱ्याकडे बघत राहायची. कुणाचं तरी नाव घ्यायची. ते चुकायचं. सगळे हसायचे. "अगं नाही गं, नीट बघ ना!" मग पुढचा नंबर. दुपारपर्यंत आजीनं यावर उपाय शोधला होता. कुणीही आलं की ती आधीच म्हणायची, "हो हो, ओळखलं." नाव मात्र घ्यायची नाही.

संध्याकाळी पडवीत एक चुलतभाऊ म्हणाला, "ती ओळखतच नाही रे आता. पुढच्या वर्षी रजा टाकून एवढं यायचं कशाला?" तो वाईट मुलगा नाही. लहानपणी आजीचा सगळ्यात लाडका तोच होता, म्हणून त्यालाच जास्त लागलं होतं.

त्याच घरात थोरले काका राहतात. आजीचं अंघोळपाणी, औषधं सगळं ते आणि काकी बघतात. आजी त्यांना स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारते. तो भाऊ जाऊन चाळीसेक वर्षं झाली. ती हाक मारते आणि काका हातातलं काम ठेवून म्हणतात, "आलो गो आये." मी भाऊ नाही, मुलगा आहे, असा वाद नाही. भाऊ असल्याचं नाटकही नाही. "आये" म्हणून आपलं नातं ते आपल्या बाजूनं सांगून टाकतात, बस. चुलतभावाचं बोलणं ऐकून ते एवढंच म्हणाले, "नाव कुणाचं का असंना, हाक तर मलाच मारते ना!"

मला वाटतं, अनभिष्वंग म्हणतात तो हाच. काकांची माया तसूभरही कमी झालेली नाही. त्यांनी सोडलाय तो हक्क, की तिनं मला माझ्या नावानं ओळखलं पाहिजे. आणि आपण "ओळखलंस का?" विचारतो, तेव्हा तो प्रश्न खरं तर आजीबद्दल असतो का? मी तुझ्यात अजून शिल्लक आहे की नाही, हे आपल्याला हवं असतं. हे वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण त्याची किंमत कोण मोजतं? एक म्हातारा जीव, दिवसातून वीस वेळा नापास होऊन. ज्या यादीत अनभिष्वंग आहे, त्याच यादीत अहिंसा त्याच्या आधी येते, हे विसरून चालणार नाही.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ.स. १२९०. परंपरेनं सांगितलेला जन्मशक धरला तर माउली तेव्हा जेमतेम १५ वर्षांचे! आणि याच अध्यायात ते तरुणाला सांगतात की म्हातारपण यायच्या आधीच ते नीट बघून ठेव. घराबद्दलची ओढ कशी असावी, तर वाटेत लागलेल्या झाडाच्या सावलीबद्दल असते तेवढी, असंही सांगतात. सावलीवर आपण मालकी सांगत नाही. पण उन्हातून आलेल्या माणसाला त्या झाडाबद्दल काहीच वाटत नाही, असं थोडंच आहे?

कुणी म्हणेल, आठवण करून दिली तर बरंच ना? हो, जरूर द्यावी. पण आठवण देणं वेगळं आणि परीक्षा घेणं वेगळं. स्मृतिभ्रंश झालेल्यांची काळजी घेणारी अनुभवी माणसंही हेच सांगतात की प्रश्न विचारू नका, आपली ओळख आपणच द्या.

आपल्याला ही रीत नवी नाही. पूजेला बसलो की संकल्पात आपण काय करतो? आपलं गोत्र आणि आपलं नाव आपणच सांगतो. देवा, ओळखलंस का मला, असं विचारत नाही. मी अमुक, तुझ्यापुढे बसलोय, एवढं सांगायचं आणि पूजेला लागायचं.

तेच आजीपुढे करायचं. "आजी, मी तुझ्या धाकट्या लेकाचा मुलगा. पुण्याहून आलोय तुला भेटायला." मग तिचा हात हातात घ्यायचा. पाच मिनिटांनी ती विसरेल. विसरू दे. पुन्हा सांगायचं. फळावर हक्क नाही, हे दुसऱ्या अध्यायातलं वचन आपल्याला पाठ असतं. इथे फळ म्हणजे तिच्या आठवणीत राहणं. ते मिळणार नाही हे ठाऊक असूनही जो रजा टाकून जातो, त्याला कर्मयोग वेगळा शिकवायला नको. आणि त्या पाच मिनिटांत तिला जे बरं वाटलं, ते नंतर आठवलं नाही म्हणून खोटं ठरत नाही.

आजचा अभ्यास एवढाच. घरात किंवा गावात असं कुणी असेल तर या आठवड्यात भेटा, निदान फोन करा. आणि पहिलं वाक्य आपल्या नावाचं असू द्या.

राम कृष्ण हरी!