सेवेचे माप आणि मोजणाऱ्याचा हात

कुलाबा जिल्ह्यातील आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत आणि शब्बाथच्या दिवशी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत, हे आपण परदेशी वाढणाऱ्या नातवंडांस अभिमानाने सांगतो. तेल्याच्या घरी माप असायचेच. घेण्याचे एक आणि देण्याचे दुसरे अशी दोन मापे घरात ठेवू नयेत, ही तोराची आज्ञा आहे. खोटे माप वापरू नये एवढेच ती सांगत नाही. ते घरात असूच नये, असे सांगते. आम्ही अनेक वर्षे रुग्णसेवा केली. त्यामुळे या आज्ञेचा विचार करताना आमच्या मनात एक प्रश्न येतो : आजारी माणसाच्या सेवेचे माप कोणते, आणि ते कोणाच्या हाती असावे?

अमेरिकेत पूर्वी जितक्या तपासण्या आणि जितक्या शस्त्रक्रिया, तितके पैसे असा सर्वसाधारण हिशेब होता. रोगी बरा झाला की नाही, हा प्रश्न बिलात येत नसे. हे चुकीचे आहे असे पुष्कळांस वाटू लागले आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने नवे माप आणले. हृदयविकाराचा झटका, कमकुवत हृदय किंवा न्यूमोनिया यांवर उपचार घेऊन घरी गेलेले रोगी ३० दिवसांच्या आत अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात परत दाखल झाले, तर मेडिकेअर त्या रुग्णालयाचे पैसे कापू लागले. ऑक्टोबर २०१२ पासून ही कपात जास्तीत जास्त १ टक्का होती. तिसऱ्या वर्षापासून ती ३ टक्क्यांपर्यंत गेली. हेतू चांगलाच होता. रोग्याला घाईने घरी धाडू नका, त्याची घरची व्यवस्था पाहा, असा त्याचा अर्थ.

नियम लागू झाल्यावर थोड्याच महिन्यांनी घडलेली एक गोष्ट सांगतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपल्याच मुलखातून मुलाकडे आलेल्या एक वृद्ध बाई हृदयाच्या विकाराने दाखल झाल्या. घरी जाताना त्यांस इंग्रजीत कागद मिळाला : मीठ कमी खा, रोज वजन करा. मुलाने सही केली. बारा दिवसांत बाई सुजलेले पाय आणि धाप घेऊन परत आल्या. आम्ही मराठीत विचारले, "मावशी, जेवता काय?" त्या म्हणाल्या, "मीठ तर मी सोडलंच आहे गं. नुसती पेज आणि भाजलेला सुका बोंबील, जोडीला लोणच्याची फोड." बोंबलात आणि लोणच्यात मीठ असते, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. कागदावर मात्र 'रोग्यास समजावून दिले' या ओळीपुढे खूण होती. ती खूण आमच्यापैकीच एकीची होती.

खरी गोष्ट याच्या पुढेच आहे. या खेपेस बाईंस दाखल करून न घेता 'निरीक्षणाखाली' ठेवले. खाट तीच, औषधे तीच, तीन रात्रीही तशाच; पण वहीत त्या दाखल नव्हत्या. म्हणजे परत आलेल्यांच्या आकड्यात त्या मोजल्या गेल्या नाहीत. नर्सिंग होमच्या खर्चासाठी मेडिकेअरला आधी तीन दिवस दाखल असण्याची अट होती. निरीक्षणाचे दिवस त्यात धरत नसत. त्यामुळे पुढे ते बिल मुलावर पडले. सकाळच्या फेरीत हे ठरले तेव्हा त्याचा अर्थ आम्हांस कळत होता. आम्ही गप्प राहिलो. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर आकड्यांचा फळा टांगलेला होता. एकाच घरात दोन मापे आली होती आणि आम्ही ती येऊ दिली होती.

मग माप टाकूनच द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. गरीब रोगी जास्त असलेल्या रुग्णालयांवर अन्याय होतो, ही तक्रार झाली तेव्हा २०१६ च्या कायद्याने तुलना सुधारण्यात आली. कमकुवत हृदयाच्या रोग्यांचे मृत्यू या नियमानंतर वाढले, असे २०१८ च्या एका अभ्यासाने म्हटले. इतरांनी ते मान्य केले नाही. माप दुरुस्त करता येते. मोजणाऱ्याचा हात मात्र कायद्याने सरळ होत नाही.

आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांची येथे आठवण होते. १९२८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा त्यांनी वाहिली. मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी केलेली चौकशी १९४१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनीही मोजलेच, पण बायका बाळंतपणात का मरतात हे कळावे आणि पुढची बाई वाचावी म्हणून. मोजणे तेच, हेतू निराळा. याला आम्ही पुढारीपण म्हणतो.

दुसरे उदाहरण या देशातले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये शिरेत नळी घालण्याच्या पाच पायऱ्यांची यादी केली आणि डॉक्टरने एखादी पायरी गाळल्यास त्यास थांबविण्याचा अधिकार नर्सला दिला. पुढे मिशिगन राज्यात हीच रीत चालवल्यावर अशा नळीतून होणारा जंतुसंसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटला, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्याने आपली चूक दाखविण्याचा अधिकार लहानास दिला, तेव्हा रोगी वाचले.

आम्हांस तसा अधिकार कोणी दिला नव्हता, असे म्हणून सुटता येईल. पण तोंड उघडण्यास परवाना लागत नाही. त्या बाईंच्या खाटेजवळ मराठी कळणारे आम्हीच होतो, म्हणून जबाबदारीही आमचीच होती.

वाचक बंधुभगिनींनो, घरचे वडीलधारे रुग्णालयात असतील तर पहिल्याच दिवशी विचारा : यांस दाखल केले आहे की निरीक्षणाखाली ठेवले आहे? निरीक्षण लांबले तर तसे लेखी कळविणे २०१५ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. आणि आपल्या ज्या मुली-सुना आज या पेशात आहेत, त्यांस एवढेच सांगणे : खूण करण्यापूर्वी विचारा, "मावशी, जेवता काय?" आणि सकाळच्या फेरीत आम्ही राहिलो तशा गप्प राहू नका.